पिकअपमागच्या ट्रेलरचे दिवे: बिघाड शोधायचा कसा, कोणत्या क्रमाने

ट्रेलरचा दिवा पेटेनासा झाला की पहिला हात बल्बकडे जातो. बल्बने काम झालं नाही की होल्डर, मग दिव्यांचा नवा सेट आणि शेवटी अख्खी वायरिंग. एवढा खर्च करूनही डावा इंडिकेटर दिल्यावर दोन्ही बाजू मंद लुकलुकत राहतात, कारण दोष बल्बमध्ये नव्हताच. तो बहुतेक वेळा अर्थच्या (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायच्या रस्त्याच्या) जोडात नाहीतर प्लगच्या हिरव्या पडलेल्या पिनांत असतो. म्हणून आधी बिघाड गाडीत आहे की ट्रेलरमध्ये हे पक्कं करायचं, मग अर्थ तपासायचा आणि त्यानंतरच एकेका लाइनकडे वळायचं. मधली पायरी गाळली की दोन बिघाड एकमेकांत मिसळतात आणि शोध भरकटतो.

इथली सगळी माहिती १२ व्होल्टच्या पिकअपची आहे. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ट्रेलर तिकडून आलेला असेल तर आधी त्याच्या बल्बवर किती व्होल्ट छापलेत ते बघा. २४ व्होल्टचा बल्ब १२ वर मंदच पेटतो, आणि त्यात वायरिंगचा काही दोष नसतो.

तयारी: काय जवळ हवं

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे २१ वॅटचा साधा बल्ब. तो होल्डरमध्ये बसवा, दोन लांब वायरी जोडा आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. हा झाला तुमचा टेस्ट लॅम्प. मल्टीमीटर असूनही हा लागतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरचा जोड आतून सडून जेमतेम टेकत असला तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, आणि त्याच वायरवर बल्ब लावला की तो नीट पेटत नाही. २१ वॅटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे खऱ्या दिव्याइतकाच भार टाकतो. पेनसारख्या एलईडी टेस्टरवर या कामात विसंबू नका, त्याचीही अडचण मीटरसारखीच आहे.

याशिवाय लागेल:

- मल्टीमीटर
- चार-पाच मीटरची जंपर वायर, दोन्ही टोकांना क्लिप
- चार्ज केलेली १२ व्होल्टची सुटी बॅटरी आणि तिच्या प्लसच्या वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज
- गाडीत आहेत त्याच अँपिअरचे जादा फ्यूज
- पातळ वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर
- क्रिंप करायचे (पक्कडीने दाबून बसवायचे) लग, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह, दातेरी वॉशर
- इलेक्ट्रिकल कामाचं सिलिकॉन ग्रीस

ब्रेक दाबायला दुसरं माणूस नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवा. चाकांना अडसर लावल्याशिवाय ट्रेलरखाली जाऊ नका.

१. आधी लक्षणं लिहून काढा

प्लग लावा आणि गाडीत बसून एकेक गोष्ट चालू करा: टेल, डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक, रिव्हर्स. ट्रेलरमागे काय दिसलं ते लिहा. मग जोड्या लावून बघा: टेल चालू ठेवून डावा इंडिकेटर, टेल आणि ब्रेक, शेवटी टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकत्र. बहुतेकांची चूक इथेच होते. प्रत्येक दिवा एकेकटा तपासून 'सगळं चालतंय' असं म्हणतात, आणि रस्त्यावर रात्री टेल चालू असताना ब्रेक दाबला की दिवे विझतात.

लक्षणांवरून दिशा अशी ठरते:

- सगळेच दिवे बंद: प्लग पूर्ण बसलेला नाही, अर्थ तुटली आहे, किंवा गाडीचा ट्रेलरसाठीचा फ्यूज गेला आहे.
- दिवे मंद, किंवा एक चालू केला की दुसरा बदलतो: जवळपास नेहमी अर्थ. पायरी ५ कडे जायची घाई होईल, तरी ३ आणि ४ करूनच जा.
- एकाच बाजूचं एकच काम बंद: ती वायर, तो होल्डर किंवा तो फिलामेंट.
- प्लग लावताक्षणी फ्यूज उडतो: पक्का शॉर्ट.
- उभ्या गाडीत ठीक, चालताना फ्यूज उडतो: वायर कुठेतरी घासून सोलली आहे आणि हलली की चेसिसला लागते.
- इंडिकेटर भराभर लुकलुकतो: बल्ब गेला आहे, किंवा बल्बच्या जागी एलईडी लावल्याने भार कमी झाला आहे.

*खात्री:* ट्रेलर हुकवर असताना दिवे ठीक, आणि प्लग तसाच ठेवून हुक सोडला की मंद किंवा बंद होतात का? होत असतील तर दिव्यांचा करंट टो-बॉलमधून (हुकच्या लोखंडी गोळ्यातून) परत जातोय. म्हणजे प्लगची अर्थ वायर तुटलेली आहे. दर खड्ड्याला दिवे का चमकतात तेही यातून कळतं.

२. गाडीचे स्वतःचे दिवे आणि फ्यूज

ट्रेलरचा प्लग काढा. गाडीचे मागचे सगळे दिवे नीट आहेत ना? गाडीचाच ब्रेक लाइट बंद असेल तर ट्रेलरला हात लावू नका, आधी तो दुरुस्त करा.

मग फ्यूज बॉक्स. बऱ्याच पिकअपमध्ये ट्रेलरच्या टेल, डाव्या आणि उजव्या लाइनचे फ्यूज वेगळे असतात, कधी रिलेही वेगळा असतो, आणि ते केबिनऐवजी बॉनेटखालच्या बॉक्समध्ये सापडतात. गाडीचे दिवे चालू आहेत म्हणून फ्यूज ठीकच असणार, हा हिशोब इथे चालत नाही. फ्यूज डोळ्यांनी तपासू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. ते सर्किट चालू करा, टेस्ट लॅम्पची एक क्लिप अर्थला लावा आणि दुसरी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना एकामागून एक टेकवा. एका टोकाला पेटला आणि दुसऱ्याला नाही, तर फ्यूज गेला.

*सावधान:* नवा फ्यूजही उडाला तर त्याहून मोठा बसवू नका. १५ च्या जागी ३० टाकला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. सरळ पायरी ७ कडे जा.

३. गाडीच्या सॉकेटवर तपासणी

कोणत्या पिनचं काम काय, हे वायरच्या रंगावरून ठरवू नका. चार वायरींच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावी आणि हिरवी उजवी असते, हे खरं. पण गोल सात पिनांच्या आयएसओ १७२४ पद्धतीत तपकिरी म्हणजे फक्त उजवा टेल, काळी डावा टेल, लाल ब्रेक आणि निळी मागचा फॉग लॅम्प. उलट चपट्या पात्यांच्या सात पिनी सॉकेटमध्ये काळी ही बॅटरीची कायम चालू लाइन आणि निळी इलेक्ट्रिक ब्रेकची. काही ट्रेलरच्या केबलमध्ये तर लाल डावी, तपकिरी उजवी आणि हिरवी टेल असते. रंगाला रंग जोडून अडॅप्टर बनवला की किल्ली काढल्यावरही एक टेल पेटत राहतो, तो असा. झाकणावरची आकृती किंवा गाडीचं मॅन्युअल बघून कागदावर पिनांचा नकाशा काढा आणि प्रत्येक पिन तपासून त्यावर खूण करा.

आता टेस्ट लॅम्पची एक क्लिप सॉकेटच्या अर्थ पिनला लावा. चेसिसला नाही. दुसरं टोक एकेका पिनला लावून ते ते काम चालू करा. लॅम्प भरपूर उजेडाने पेटला पाहिजे.

न पेटल्यास अर्थची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावून पुन्हा बघा. आता पेटला, तर लाइन ठीक आहे, सॉकेटची अर्थ तुटली आहे. तरीही नाही पेटला, तर त्या लाइनमध्ये पुरवठाच येत नाही. चेसिसला क्लिप लावून तपासणारे नेमके इथे फसतात: चेसिसवर सगळं झकास पेटतं आणि ट्रेलरवर अंधार.

*लक्षात ठेवा:* नव्या गाड्यांत ट्रेलरचं मॉड्यूल (दिवे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आधी मागे ट्रेलर आहे का ते ओळखतं आणि मगच करंट सोडतं. अशा गाडीत रिकाम्या सॉकेटवर शून्य दिसलं म्हणजे बिघाड, असं धरू नका. चांगला चालणारा दुसरा ट्रेलर जोडून बघणं हा तिथे सगळ्यात छोटा रस्ता.

काही गाड्यांत मागचा इंडिकेटर पिवळा आणि ब्रेकपासून वेगळा असतो, तर ट्रेलरवर दोन्हींसाठी एकच लाल दिवा असतो. त्यांच्यामध्ये कन्व्हर्टरचा डबा बसवलेला असतो. ब्रेक दाबून डावा इंडिकेटर दिला की डावी पिन लुकलुकली पाहिजे आणि उजवी स्थिर पेटली पाहिजे. डब्यात येणाऱ्या वायरींवर सगळं ठीक, डब्याची अर्थ आणि बॅटरीची लाइनही ठीक, पण बाहेर काही नाही, तर डबा गेला. मात्र तो का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. ट्रेलरमध्ये शॉर्ट असेल, किंवा डब्यावर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा दिव्यांचा भार जास्त असेल, तर नवाही त्याच वाटेने जाणार. हिशोब सोपा आहे: एकूण वॅट भागिले १२. एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर.

४. ट्रेलर एकटा, सुट्या बॅटरीवर

ट्रेलर हुकवरून काढून उभा करा. सुट्या बॅटरीचा मायनस ट्रेलरच्या प्लगमधल्या अर्थ पिनला जोडा. फ्यूज लावलेला प्लस एकेका पिनला टेकवा. प्रत्येक पिनवर नेमके तेच दिवे, पूर्ण उजेडाने पेटले पाहिजेत.

टेलच्या लाइनवर कडेचे छोटे दिवे खूप असतील तर ५ अँपिअर पुरत नाहीत. ५ वॅटचे बारा दिवे म्हणजे पूर्ण ५ अँपिअर होतात. तिथे साडेसातचा फ्यूज घ्या. इलेक्ट्रिक ब्रेकची पिन या तपासणीतून वगळा. एकेक चुंबक साधारण ३ अँपिअर ओढतो, त्यामुळे फ्यूज उडेल आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसाल.

इथे दोनच निकाल निघतात. ट्रेलर बॅटरीवर नीट चालला आणि सॉकेटही तिसऱ्या पायरीत पास झालं, तर दोष प्लग-सॉकेटच्या स्पर्शात आहे. पिना घासा, ढिल्या असतील तर फाकवा किंवा आवळा, प्लग उघडून आतले स्क्रू बघा. ट्रेलर इथेही बिघडलेलाच दिसला, तर गाडी विसरा आणि पुढे चला.

५. अर्थ

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

मंद किंवा बंद दिव्याच्या होल्डरच्या अर्थला जंपर वायरचं एक टोक लावा आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. दिवा लगेच उजळला, तर त्याच्या अर्थचा रस्ता खराब आहे. बल्ब बदलून उपयोग नाही.

किती खराब, ते मीटर सांगतो. ट्रेलरचे शक्य तेवढे दिवे एकदम पेटवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी प्रोब प्लगच्या अर्थ पिनला आणि लाल प्रोब दिव्याच्या अर्थ टोकाला लावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेला तर दुरुस्ती हवीच. हे मोजमाप दिवे चालू असतानाच घ्यायचं. बंद दिव्यांत करंट वाहत नाही, म्हणून कितीही सडलेला जोड शून्य दाखवतो. गंजलेल्या बोल्टचा अर्धा ओहम विरोधही कमी समजू नका: साडेतीन अँपिअर वाहिला की पावणेदोन व्होल्ट तिथेच खर्च होतात.

इंडिकेटर दिल्यावर टेल का लुकलुकतो? एक फिलामेंट टेलचा आणि दुसरा ब्रेक-इंडिकेटरचा, असे दोन्ही एकाच बल्बमध्ये असतात आणि त्यांची अर्थ एकच असते. ती तुटली की इंडिकेटरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला उतरायला जागा उरत नाही. तो टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेलच्या वायरीने दुसऱ्या बाजूच्या दिव्यात जातो आणि तिथून खाली उतरतो. दोन-तीन फिलामेंट ओळीने लागल्यामुळे सगळेच मंद.

दुरुस्ती अशी: बोल्ट काढा, जागेवरचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नवा लग क्रिंप करा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी ग्रीस थापून मग बोल्ट लावणं उलटं आहे. बिजागरीच्या किंवा उलटणाऱ्या हौद्याच्या ट्रेलरमध्ये दिवे हौद्यावर आणि अर्थ खालच्या फ्रेमवर असते, म्हणजे करंट ग्रीस लावलेल्या पिनमधून जातो. तिथे हौद्यापासून फ्रेमपर्यंत लवचीक वायर जोडल्याशिवाय गत्यंतर नाही. खरं तर फ्रेमच्या भरवशावर राहूच नये. प्रत्येक दिव्यापासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत वेगळी वायर ओढली की निम्म्या तक्रारी संपतात. सगळ्या दिव्यांच्या अर्थ एकाच मोठ्या वायरीला जोडणार असाल तर ती बाकीच्यांपेक्षा जाड घ्या, कारण सगळ्यांचा परतीचा करंट तिच्यातून जातो.

*खात्री:* अर्थ सुधारल्यावर पायरी ४ पुन्हा करा. बऱ्याच ट्रेलरचं काम इथेच संपतं.

६. बल्ब आणि होल्डर

आता बल्ब काढा. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. कुणीतरी जोर लावून उलटा बसवला की टेल आणि ब्रेक यांची अदलाबदल होते: टेल भगभगीत, आणि ब्रेक दाबला तरी फरक जेमतेम. जुन्या ट्रेलरमध्ये दोन फिलामेंटच्या होल्डरात एका फिलामेंटचा बल्ब कोंबलेलाही सापडतो. त्याचा एकच मोठा ठिपका दोन्ही कॉन्टॅक्टना एकदम टेकतो आणि टेलचा करंट ब्रेकच्या लाइनमध्ये शिरतो.

होल्डरमधली पितळी टोकं घासा, स्प्रिंग दबलेली असेल तर वर ओढा. पत्रा गंजून भुसभुशीत झाला असेल तर घासत बसू नका, होल्डर बदला. एलईडी दिवे बहुधा सीलबंद असतात. त्यांना प्लस-मायनस बघून थेट बॅटरी लावा, पेटले नाहीत तर बदला. एलईडी बंद असताना अंधूक पेटलेला किंवा थरथरताना दिसला, तर बऱ्याचदा गाडीचं मॉड्यूल बल्ब तपासण्यासाठी सोडत असलेला छोटा करंट कारणीभूत असतो.

७. तुटलेली वायर आणि शॉर्ट

तुटलेली वायर अर्धी-अर्धी करत शोधायची. प्लग आणि दिवा यांच्या मधल्या एखाद्या जोडावर टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर तूट मागे, दिव्याच्या बाजूला आहे; नाही पेटला तर पुढे, प्लगच्या बाजूला. उरलेल्या भागात पुन्हा तेच. सुईने इन्सुलेशन टोचणं टाळा, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात तांब्याची हिरवी भुकटी होते.

शॉर्टसाठी फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. पायरी ४ चीच मांडणी ठेवा, फक्त प्लसच्या वायरीतला फ्यूज काढून त्या जागी २१ वॅटचा बल्ब बसवा. त्या लाइनचे सगळे बल्ब होल्डरमधून काढून ठेवा. एलईडी असतील तर त्यांच्या वायरी सोडवा. शॉर्ट असेल तर टेस्टचा बल्ब पूर्ण पेटेल, पण त्याच्यामुळे करंट पावणेदोन अँपिअरवर अडतो आणि काही जळत नाही. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) पुढून मागे थोडा थोडा हलवत या. बल्ब ज्या जागी विझेल किंवा फडफडेल, तिथे शॉर्ट.

आधी या जागा बघा: ट्रेलरच्या दांडीत केबल शिरते ते भोक, रबरी ग्रोमेट गळून पडलेली फ्रेमची भोकं, चाकाच्या वरचा भाग, पाट्याच्या स्प्रिंगजवळचे क्लॅम्प, आणि दिव्याच्या बोल्टखाली चिमटलेली वायर.

८. जोड असा करा

वायर चिरून आतलं तांबं बघा. काळं किंवा हिरवं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. गंज इन्सुलेशनच्या आतून सरकतो, टोक स्वच्छ करून भागत नाही. न कापता वायरीवर चिमटून बसवायचे निळे जोड ट्रेलरवर वापरू नका. ते तारा कापतात आणि पाणी धरून ठेवतात. पिळून टेप गुंडाळणं हे घरी पोहोचण्यापुरतं. नीट क्रिंप करा, वर गोंदाची हीट-श्रिंक स्लीव्ह तापवून दोन्ही टोकांतून गोंद बाहेर दिसू द्या. सोल्डर केलंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या, नाहीतर हादऱ्यांनी ती सोल्डरच्या कडेलाच तुटते.

*सावधान:* गाडीच्या बाजूची वायर कापण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. कायम चालू असलेली लाइन किल्लीने बंद होत नाही.

९. शेवटची तपासणी

ट्रेलर जोडा, इंजिन चालू करा. बॅटरीवर आता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. पहिल्या पायरीतल्या सगळ्या जोड्या पुन्हा लावून बघा, आणि तेव्हा प्लग, दांडीजवळची केबल आणि प्रत्येक दिवा हाताने हलवा. काही लुकलुकलं तर जोड अजून ढिला आहे. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून गाडी थोडी पुढे घ्या. केबल ताणली जाऊ नये आणि रस्त्याला घासूही नये.

टेल चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर थांबा आणि प्लगला हात लावा. तो कोमट लागला तर आतल्या एखाद्या पिनेचा स्पर्श अजून खराब आहे. ती शोधून पुन्हा घासा. थंड असेल तर पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, आणि ट्रेलर सुटा उभा करताना प्लग तोंड खाली करून टांगून ठेवा.